बटणचं बिल

माझ्या भावाला कर्जातून बाहेर काढायची युक्ती मीच दिली, हे आधीच सांगून टाकते. नंतर कोणी म्हणायला नको की बाईने स्वतःपुरतं झाकून ठेवलं.

माझं कपडे अल्टर करायचं दुकान आहे. नवं शिवत नाही. सैल असेल ते आत घेते, घट्ट असेल ते सोडते, लांब असेल ते कापते. दुकानात एक मशीन, एक इस्त्री, एक उभा आरसा आणि मागच्या भिंतीला लांब दांडी. त्या दांडीवर लोकांनी न नेलेले कपडे टांगलेले असतात. माणूस पहिल्यांदा येतो तेव्हा त्याचा सगळा जीव त्या पँटीत अडकलेला असतो. शुक्रवारी हवीच, काय वाट्टेल ते करा, पैसे जास्त घ्या. मी जेवण बाजूला ठेवून पँट करते आणि शुक्रवारी हा पठ्ठ्या येतच नाही. महिन्याने फोन करावा तर म्हणतो, कसली पँट? बरं, खोटं बोलत नसतो. त्याला खरंच आठवत नसते. तीस दिवस गेले की बहुतेक माणसांचं बहुतेक गोष्टींवाचून काही अडत नाही, हा माझा पंचवीस वर्षांचा अनुभव आहे.

माझा धाकटा भाऊ लिफ्ट दुरुस्त करतो. भावजय कुरिअरच्या काउंटरवर बसून पार्सलं तोलते. दोघंही कामाला वाघ, पण हात भलताच सैल. सोफा हप्त्यावर, टीव्ही हप्त्यावर, टीव्ही ठेवायचं कपाट हप्त्यावर, आणि हे हप्ते भरायला कार्ड. एका कार्डाचं भरायला दुसरं, असं करत चार झाली. एके दिवशी दुपारी दोघं दुकानात आली, स्टुलांवर बसली आणि भावाने आकडा सांगितला. दोघांचा मिळून वर्षाचा पगार होईल एवढं देणं. माझ्या हातातली सुई हातातच राहिली.

"ताई, पैसे मागायला नाही आलो आम्ही," भावजय म्हणाली.

"मागून मिळाले असते तर मीच नसते का मागितले कोणाकडे," मी म्हटलं. त्यावर भाऊ हसला आणि हसता हसता रडायला लागला. चाळिशीला आलेला, खांद्यावर हत्यारांची पिशवी असलेला माणूस. मला ते बघवलं नाही.

त्या दुपारी आम्ही तिघांनी बसून सगळं ठरवलं. मोठी जागा सोडायची, सोफा येईल त्या किमतीला विकायचा, लिफ्ट कंपनीच्या गोदामामागे एक खोली मिळते तिथे राहायचं. त्या खोलीत दोन माणसं झोपली की दार उघडत नसे. म्हणून पोर माझ्याकडे. त्यांची मुलगी तेव्हा सहा वर्षांची होती. दोन वर्षांची असताना तिने माझ्या डब्यातलं बटण गिळलं होतं, तेव्हापासून आम्ही सगळे तिला बटणच म्हणतो. तिची शाळा माझ्या दुकानापासून चार मिनिटांवर. कर्ज फिटलं की तिला घरी न्यायचं, असं तिच्यासमोरच ठरलं.

"हिचे महिन्याला किती देऊ तुला?" भावाने विचारलं.

"एक थोबाडीत दे," मी म्हटलं. "भावाबहिणीत हिशोब करणारा तू कोण मोठा सावकार लागून गेलास?"

तेव्हा मला स्वतःचा फार अभिमान वाटला होता.

मग मी त्यांना तीस दिवसांची वही सांगितली. काहीही घ्यावंसं वाटलं की घ्यायचं नाही, वहीत लिहायचं. तारीख, वस्तू, किंमत. तीस दिवसांनी दोघांनी समोरासमोर बसून एकमेकांना मोठ्याने विचारायचं, अजून हवंय का? हवं असेल तर बघू. नको असेल तर पट्टी घेऊन सरळ रेघ मारायची. पट्टी हवीच, हे मी मुद्दाम सांगितलं. हाताने मारलेल्या रेघेत माणूस थोडी जागा ठेवतो.

पहिले काही महिने मी तोंड वर करून सगळ्या गिऱ्हाइकांना सांगत होते, की बघा, असं असतं. सोफ्याचं गेलं, एक कार्ड बंद झालं, दुसरं निम्म्यावर आलं. भावजय सकाळी डबा करून चालत कामाला जायची. भाऊ सुट्टीच्या दिवशीही लिफ्टची कामं घ्यायचा. दर रविवारी दोघं बसने बटणला भेटायला यायची, आणि येताना वही घेऊन यायची, मला दाखवायला. रेघांवर रेघा. शाळेत असतानासुद्धा एवढी नीट वही भावाने कधी ठेवली नव्हती.

सिगरेट ही त्याची पंधरा वर्षांची सवय. तीही त्याने वहीत लिहिली आणि तीस दिवसांनी खोडली. पुढच्या रविवारी तो दुकानात बसला होता, आणि शेजारचा किल्ल्या करणारा नेहमीसारखा दारात उभा राहून सिगरेट ओढत गप्पा मारत होता. भाऊ एकदम उठला आणि माझी इस्त्री बघायला लागला.

"ताई, काहीतरी जळतंय."

"तो ओढतोय ना," मी म्हटलं.

"काय ओढतोय?"

भावाने किल्लीवाल्याकडे पाहिलं. त्याच्या हाताकडे पाहिलं. मग धूर जिकडून येत होता तिथपासून जिकडे जात होता तिथपर्यंत मान फिरवली आणि परत इस्त्रीची वायर तपासायला वाकला. किल्लीवाला हसला, मीही हसले. माझा भाऊ लहानपणापासून नकला चांगल्या करतो.

भावजयीचं मात्र मला हसण्यावारी नेता आलं नाही. आम्ही दोघी धागे आणायला बाजारात गेलो होतो. वाटेत पर्सचं दुकान लागतं. काचेत एक तांबडी पर्स होती, तिच्यासाठी ती वर्षभर झुरली होती, हे मला ठाऊक होतं. दुकानाच्या समोर आलो तेव्हा ती म्हणाली, "अरेरे, हे बंद झालं वाटतं." काचेमागे दिवे चालू होते. आत चार बायका उभ्या होत्या. तांबडी पर्स बरोबर तिच्या डोळ्यांसमोर, हातभर अंतरावर. मी तिच्याकडे पाहिलं. ती अजिबात गंमत करत नव्हती. रिकाम्या भिंतीकडे बघतो तसं बघून ती पुढे चालायला लागली.  घरी येऊन मी आधी पाणी प्यायले.

तेव्हाच ती वही चुलीत घालायला हवी होती. पण हप्ते फिटत होते, आणि फिटणाऱ्या हप्त्यांपुढे असलं काही बोलून दाखवायला जीभ रेटत नाही.

नवव्या महिन्यात भावजयीचा फोन आला. रविवारी बटणला सोडून निघायचं म्हणजे रडारड ठरलेलीच. पोर दाराला धरून रडायची आणि आई बसमध्ये.

"ताई, दोन दोन दिवस माझं चित्त थाऱ्यावर राहत नाही," ती म्हणाली. "मागच्या आठवड्यात तीन पार्सलांचं वजन चुकीचं लिहिलं. पगारातून कापले. बसचे पैसे जातात ते वेगळेच. म्हणून मी ते वहीत लिहिलं."

"काय लिहिलंस?"

"पोरीला भेटणं. तीस दिवस येत नाही आम्ही. मग बघू."

मी तिला अडवलं नाही. का नाही अडवलं ते सांगते, म्हणजे माझं मन मोकळं होईल. माझं लग्न झालेलं नाही, मूल नाही. बटण दिवसभर माझ्या मशीनखाली बसून चिंध्यांच्या बाहुल्या करायची आणि रात्री माझ्या पाठीला पाठ लावून झोपायची. रविवार हा एकच दिवस ती माझी नसायची. भावजय फोनवर बोलत होती आणि मला मनातून बरं वाटत होतं. मी म्हटलं, "बघ बाई, तुला योग्य वाटेल ते कर."

तीस दिवस झाले. पस्तीस झाले. कोणी आलं नाही. बटण दर रविवारी सकाळी बूट घालून दारातल्या स्टुलावर बसायची आणि दुपार टळली की स्वतःच बूट काढून ठेवायची. मी फोन केला की दोघंही छान बोलायची. माझी तब्येत विचारायची, धंदा विचारायची, कोणता हप्ता गेला ते सांगायची. पोरीचं नाव नाही. मला वाटलं, मन घट्ट केलंय बिचाऱ्यांनी, उगाच खपली कशाला काढा.

एकदा मी फोन बटणच्या हातात दिला. तिने तो कानाला लावला, थोडं बोलली, मग माझ्याकडे परत दिला.

"आई नुसतं हॅलो हॅलो करते," ती म्हणाली.

मी फोन घेतला. "ताई, मध्येच आवाज गेला होता तुमचा," भावजय म्हणाली. आवाज जाऊ शकतो. फोनच तो. मी स्वतःला असं बरंच काही समजावलं, आणि पुढच्या वेळी पोरीच्या हातात फोन दिला नाही.

असे एकूण बावीस महिने गेले. एका बुधवारी दुपारी, काही न कळवता, दोघं दुकानाच्या दारात उभी. इस्त्रीचे कपडे, भांग पाडलेला, चेहऱ्यावर झोप पूर्ण झाल्याचं तेज.

"ताई, फिटलं," भाऊ म्हणाला. "सगळं. एक पैसा राहिला नाही कोणाचा."

बटण तेव्हा स्टुलावर बसून माझी बटणं रंगाप्रमाणे लावत होती. ती उठली. तिच्या हातातली पांढरी बटणं खाली सांडली आणि दुकानभर घरंगळली. भाऊ आत आला, एक बटण त्याच्या चपलेखाली करकरलं, आणि तो त्याच स्टुलावर बसला. बटण वेळेवर बाजूला झाली म्हणून, नाहीतर तो तिच्या मांडीवरच बसला असता.

"किती एकट्याने करता तुम्ही, ताई," भावजय म्हणाली. "मदतीला कोणीतरी ठेवा ना आता."

"आई," बटण म्हणाली.

भावजयीने मान थोडी कलती केली. "मशीन चालू राहिलंय का तुमचं?"

मशीन बंद होतं. बटण तिच्यापाशी गेली आणि तिने आईची बाही धरली. मी देवाशप्पथ सांगते, भावजयीने त्या बाहीकडे पाहिलं, दुसऱ्या हाताने तिथे पडलेली चुणी नीट केली आणि माझ्याशी बोलत राहिली. गोदामामागची खोली सोडून दोन खोल्यांची जागा बघितली होती. एक झोपायला, एक बसायला. दोघांना पुष्कळ झाली, म्हणाली.

बटण रडली नाही. ती रडली असती तर मला एवढी भीती वाटली नसती. ती माझ्याकडे बघत होती, मोठ्या माणसाने काहीतरी करावं म्हणून पोरं बघतात तशी.

"तुमची मुलगी कुठाय?" मी विचारलं. 

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. भाऊ थोडा लाजला. "मूल म्हणतेस? बघू की आता. कर्जात होतो तोवर विचारच केला नव्हता. आणि खरं सांगू का ताई, तशी काही घाई वाटत नाही."

 मी भावजयीच्या पिशवीतून वही ओढून काढली. पानं उलटत गेले. सिगरेट, पर्स, बिस्किटं, कोपऱ्यावरचा चहा, उशीसाठी नवा अभ्रा. सगळ्यांवर पट्टीने मारलेली रेघ. तेरा महिन्यांमागच्या पानावर ते सापडलं. भावजयीचं गोल अक्षर. पोरीला भेटणं, आणि पुढे किमतीच्या जागी दोघांचं बसभाडं. त्यावर सरळ रेघ. मी बोट ठेवलं. "हे वाच."

तिने पाहिलं. "रेघ आहे."

"रेघेखाली काय आहे?"

"काही नाही, ताई. रिकाम्या ओळीवर चुकून मारली असेल."

मी रबराने रेघ खोडायला बघितली, पेनाची होती, कागद फाटला. खाली तेच शब्द पुन्हा लिहिले, ठळक, तिच्या नाकासमोर धरले. तिला कोरं पान दिसत होतं. भाऊ आता काळजीने माझ्याकडे बघत होता. एकटी राहून हिचं डोकं फिरलं, असं त्याच्या मनात आलेलं मला स्पष्ट दिसलं. तो उठला आणि म्हणाला, "ताई, तू आराम कर. आम्ही निघतो."

माझा संताप मस्तकात गेला. त्यांच्यावरचा नाही, माझ्यावरचाच. आणि संतापात माणूस तोंडाला येईल ते बोलतो.

"निघता कुठे? सगळं फिटलं म्हणून मिरवताय, माझी बाकी आहे अजून."

दोघं जागच्या जागी थांबली. भावजयीने पेन काढलं. भाऊ परत बसला, आता ताठ. बावीस महिन्यांत त्यांना एवढंच नीट ऐकायची सवय उरली होती.

"किती?" भाऊ म्हणाला.

मला तेव्हा काही सुचलं वगैरे नाही. मी हट्टाने पावतीपुस्तक ओढलं आणि लिहायला लागले. बूट, लहान, दोन जोड. मोजे, सहा. फ्रॉकची दुमड सोडणे, दोनदा. पुढचा दात काढला, डॉक्टरची फी. ताप, तीन दिवस दुकान बंद. केस कापले. दूध, रोजचं. रात्री उठून रडली, माझं जागरण, अकरा रात्री. प्रत्येकापुढे किंमत घातली. शेवटच्या ओळीपुढे काय घालावं कळेना, तर सगळ्यांत मोठा आकडा घातला. पावती फाडून भावाच्या हातात दिली.

तो बोट ठेवून वाचायला लागला. "बूट, लहान," तो म्हणाला, "हे कोणाचे?" आणि त्याने खाली पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "हे बूट इथे कधीपासून आहेत?"

"वाच पुढे."

"मोजे." त्याची नजर बुटांवर चार बोटं चढली. भावजय त्याच्या खांद्यावरून वाचत होती. फ्रॉकच्या ओळीला तिने हात पुढे केला आणि फ्रॉकची कड धरली; ती कड हवेतच तरंगतेय, असं तिच्या चेहऱ्यावरून वाटत होतं. आत दुमडलेल्या कापडात किती माया शिल्लक आहे ते बोटांनी चाचपावं तशी ती कड चाचपत राहिली. दाताच्या ओळीला भावाचं बोट थांबलं आणि तो ती ओळ परत पहिल्यापासून वाचायला लागला. बटण अगदी सरळ उभी होती, माप घेताना मी तिला उभी करते तशी, श्वास रोखून. आणि मग भावजयीने शेवटची ओळ वाचली, रात्री उठून रडली, अकरा रात्री. तिने मान वर केली आणि पोरीच्या तोंडाला हात लावला.

"हिचे केस कोणी कापले?" ती म्हणाली. मग ती तिथेच फरशीवर बसली, सांडलेल्या बटणांत, आणि पोरीला छातीशी धरून अशी रडली की किल्लीवाला दुकान सोडून बघायला आला.

त्याच संध्याकाळी ते तिला घेऊन गेले. दुकानाच्या वर माझी खोली आहे, ती रात्रभर मला मोठी वाटली. पण मला आनंद झाला होता, आणि तो खोटा नव्हता.

बटणची शाळा तीच राहिली, त्यामुळे दुपारी ती दुकानात येते आणि भाऊ कामावरून परतताना तिला नेतो. पाच तारखेला त्याने पाकीट आणलं. "पहिला हप्ता," म्हणाला.

"वेडा आहेस का? ते बिल मी रागात केलं होतं."

"देणं ते देणं, ताई." तो वहीत बघून म्हणाला; सगळं बिल त्याने त्यात उतरवून घेतलं होतं. "वरून सुरू करतोय. बूट आणि मोजे फिटले." त्याने पट्टी काढली आणि माझ्यासमोर रेघ मारली.

पुढच्या आठवड्यात बटण पायाला फडकं बांधून आली. बाबांचा पाय पडला, म्हणाली. ती पायपुसण्यावर बूट घालत बसली होती आणि भाऊ हत्यारांची पिशवी घेऊन सरळ तिच्या पावलांवरून गेला. "त्यांना तिथे मी दिसत नाही, आत्या," तिने गुडघ्याखाली हात फिरवून दाखवलं. "इथून वर दिसते."

मी त्याच संध्याकाळी दोघांना समोर बसवून सगळं सांगितलं, न लपवता. त्यांनी ऐकलं. भावजय रडली, पोरीला जवळ घेतलं, भावाने माझा हात धरून शपथ घेतली की आता एक पैसा देणार नाही. आणि पुढच्या पाच तारखेला पाकीट घेऊन आला. मी घेतलं नाही. सकाळी ते शटरखालून आत सरकवलेलं सापडलं. मी ते डब्यात टाकलं, उघडलंही नाही, पण त्याने काही फरक पडत नाही. त्याच्या वहीत रेघ पडते. त्याला वाईट वाटतं, मला दिसतं ना. पण डोक्यावर देणं आहे म्हटलं की त्याला झोप येत नाही, जेवण जात नाही, हात आपोआप खिशाकडे जातो. एवढी चांगली सवय त्याला मीच लावली. कर्ज नाही, त्यामुळे पगार पुरा हातात. स्वतःच ठरवलेल्या हप्त्याच्या दुप्पट भरतो.

फ्रॉक फिटला. दात फिटला. आता बटण जेवायला बसली की आईला वाटतं ताटातलं आपोआप कमी होतंय. मी बिलात नव्या ओळी घालते, पण भाऊ प्रत्येक ओळीला विचारतो, हे कशाचे? खोटी ओळ तो मान्य करत नाही, आणि मान्य न केलेल्या ओळीने काही दिसत नाही. दुपारचं दूध, मी लिहिते. पेन्सिल, मी लिहिते. असली चिल्लर तो जागेवरच भरून टाकतो.

परवा दुपारी बटण आली आणि तिने दप्तरातून शाळेचा शर्ट काढून मशीनवर ठेवला. बाही खांद्यापासून पुरी सुटलेली. फाटलेली नव्हती. माझं टाके उसवायचं छोटं हत्यार घेऊन तिने एकेक टाका काढला होता, कापडाला कुठे धक्का नाही. आठ वर्षांच्या पोरीने, कोणी न शिकवता.

"हे शिव," ती म्हणाली, "आणि महाग लिही."

मी शर्ट उलटा करून शिवण बघितली. मग म्हटलं, "बटण, तू इथेच ये राहायला. माझ्याकडे. मला तू दिसतेस ना, डोक्यापासून पायापर्यंत."

तिने विचार केला. खरंच केला, मला वाईट वाटू नये म्हणून नाही. मग मान हलवली.

"नको आत्या. मला ते दिसतात ना."

मी दोरा ओवला. बाही जोडायला वीस मिनिटं लागली. पावतीवर मी जो आकडा घातला तो कुठल्याही गिऱ्हाइकाला सांगताना मी शरमेने मेले असते. बटणने तो वाचला, बोटाने शून्यं मोजली आणि पावती मला परत दिली.

"अजून एक शून्य," ती म्हणाली.